इनलाइन स्केट्सची देखभाल आणि दुरुस्ती: नवख्यांनी आधी काय बघावं, मग काय उघडावं

पहिल्यांदा स्केट्सची चाकं काढून धुतली तेव्हा आठातली सात नीट परत बसली. आठवं मात्र हटून बसलं. चाकाच्या मधला बोल्ट, म्हणजे ॲक्सल, आवळला की चाक जाम, सैल केला की गरगर फिरतं. मी दोन तास त्या बेअरिंगला तेल पाजत होतो. तेल चाकावरून ओघळून फरशीवर आलं तरी चाक हलेना. शेवटी झाडताना खाटेखाली एक इवलीशी नळी सापडली. त्या चाकातला स्पेसर गडगडत तिकडे गेला होता आणि मी त्याच्याशिवायच सगळं जोडलं होतं.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की स्केट बिघडला म्हणून आपण जे काही करतो, त्यातलं निम्मं चुकीच्या भागावर होतं. चाक फिरत नाही म्हटलं की सगळे बेअरिंगवर घसरतात. खरं कारण बहुतेक वेळा ढिला किंवा अति आवळलेला ॲक्सल, चाकाच्या कडेला गुंडाळलेला केसांचा गुंता, नाहीतर एखादा नीट न बसलेला भाग असतं. म्हणून या लेखात उघडण्याच्या आधी तपासणी ठेवली आहे. तिच्यावरून उडी मारून थेट बेअरिंगकडे जाऊ नका.

१. कोणता भाग कशाला म्हणतात

बुटाखाली जी लांब पट्टी असते ती फ्रेम. फ्रेमच्या दोन भिंतींमध्ये चाकं एका ओळीत बसतात. प्रत्येक चाकाच्या मधून आरपार जाणारा बोल्ट म्हणजे ॲक्सल. चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक बेअरिंग आणि त्या दोघांच्या मध्ये लपलेली छोटी नळी म्हणजे स्पेसर. चार चाकी स्केट्सच्या जोडीत आठ चाकं, सोळा बेअरिंग आणि आठ स्पेसर असतात. मोठ्या चाकांच्या तीन चाकी जोडीत सहा, बारा आणि सहा. हे आकडे डोक्यात ठेवा, जोडताना मोजायला लागतात.

इनलाइन स्केट्समध्ये सर्रास वापरलं जाणारं बेअरिंग म्हणजे ६०८. आतलं भोक ८ मिमी, बाहेरचा व्यास २२ मिमी, जाडी ७ मिमी. स्केटबोर्डमध्येही हेच असतं, त्यामुळे सहज मिळतं. पण डोळे झाकून घेऊ नका. दोन चाकं पुढे आणि दोन मागे असणाऱ्या जुन्या पद्धतीच्या स्केट्ससाठी ७ मिमी भोकाचं ६२७ बेअरिंगही मिळतं. बाहेरून ते ६०८ सारखंच दिसतं, फक्त तुमच्या ॲक्सलवर किंवा स्पेसरवर बसत नाही. रेसिंगच्या काही चाकांत १६ मिमी व्यासाचं ६८८ हे छोटं बेअरिंग असतं. बेअरिंगच्या झाकणावर किंवा कडेवर आकडा कोरलेला असतो. तो वाचा, मगच नवं मागवा.

स्पेसरचंही तसंच आहे. काही फ्रेमचे ॲक्सल ८ मिमी जाड असतात, काहींचे ६ मिमी. ६ मिमीच्या ॲक्सलला वेगळ्या घडणीचा स्पेसर लागतो, जो बेअरिंगच्या भोकातही शिरतो. एकाचे दुसऱ्यात चालत नाहीत.

२. जवळ काय असावं

- तुमच्या ॲक्सलच्या मापाची ॲलन की. बहुतेकदा ४ मिमी, काही फ्रेमना ५ मिमी. काही ॲक्सलचं डोकं षटकोनी नसून चांदणीच्या आकाराचं असतं, त्याला टॉर्क्स टी-२५ लागतो.
- तीच की आणखी एक. का ते पुढे कळेल.
- बेअरिंग ढकलायचं साधन. बऱ्याच स्केट टूलवर एका टोकाला असतं.
- जुना टूथब्रश, टाचणी किंवा बारीक सुई, धागे न सुटणारं सुती फडकं.
- झाकणाची काचेची छोटी बरणी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. ते नसेल तर टर्पेंटाइन.
- बेअरिंगचं पातळ तेल किंवा ग्रीस.
- मार्कर पेन.
- उभ्या कडांचं ताट. हे गमतीत लिहिलेलं नाही. सगळे सुटे भाग ताटात ठेवले असते तर माझा स्पेसर खाटेखाली गेला नसता.

३. काही उघडू नका, आधी ऐका

स्केट उलटा मांडीवर घ्या आणि एकेक चाक बोटाने फिरवा. चाक किती वेळ फिरतं याकडे लक्ष देऊ नका. नव्या बेअरिंगमध्ये घट्ट ग्रीस भरलेलं असतं आणि ते हातात दोनचार फेऱ्यांत थांबतं. पायाखाली तुमचं वजन पडलं की तेच बेअरिंग मस्त पळतं. हातात मिनिटभर गरगरणारं चाक दाखवणाऱ्यांचं मला कौतुक आहे, पण ते बेअरिंग बहुधा कोरडं असतं.

लक्ष आवाजाकडे आणि हाताला येणाऱ्या कंपाकडे द्या.

वाळू चावल्यासारखी किरकिर येत असेल तर बेअरिंगमध्ये धूळ शिरली आहे. प्रत्येक फेरीत ठरावीक जागी टक् असा खटका लागत असेल तर बेअरिंगमधला छर्रा किंवा तो ज्या खाचेत फिरतो ती धाव खराब झाली असण्याची शक्यता आहे. चाक पकडून डावीउजवीकडे हलवलं आणि ते खुळखुळलं, तर ॲक्सल ढिला आहे किंवा स्पेसर नाही. चाक फिरताना लडबडतं, म्हणजे त्याची कड एकदा या भिंतीकडे आणि एकदा त्या भिंतीकडे जाते, तर एखादं बेअरिंग तिरकं बसलंय.

चाकं गप्प आहेत आणि पायात घातल्यावरच कुर्रर् कुर्रर् होतंय? मग आवाज बुटाचा आहे. घोट्याजवळ बुटाची वरची मान खालच्या भागाला जिथे जोडलेली असते, त्या बोल्टपाशी कान लावा. या एका कुरकुरीपायी लोकांनी सोळा बेअरिंग बदललेली मी पाहिली आहेत.

शेवटी बेअरिंग आणि फ्रेमच्या फटीत डोकावा. केस, दोरे, गवताच्या काड्या तिथे इतक्या घट्ट गुंडाळतात की चाकाला ब्रेक लागल्यासारखं होतं. चिमट्याने ओढून काढा. कित्येकदा दुरुस्ती इथेच संपते.

४. चाकं काढणं

ॲलन की लावण्याआधी ॲक्सलच्या डोक्यातला खड्डा टाचणीने कोरून साफ करा. त्यात माती दाबून बसलेली असते. की अर्धवटच आत गेली आणि तुम्ही जोर लावला, की षटकोनाचे कोपरे झिजून गोल होतात. मग तो ॲक्सल काढणं हा एक वेगळाच उद्योग होऊन बसतो.

ॲक्सल दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात एकच लांब बोल्ट एका बाजूने जातो आणि दुसऱ्या बाजूला फ्रेमच्याच आट्यांत बसतो. दुसऱ्यात दोन तुकडे असतात, एका बाजूने नळी आणि दुसऱ्या बाजूने स्क्रू. या दुसऱ्या प्रकारात एक बाजू फिरवली की पलीकडचीही सोबत फिरते आणि काहीच सुटत नाही. म्हणून दोन की. एक धरून ठेवा, दुसरी फिरवा.

ज्या स्केटला ब्रेक आहे, त्याचा सगळ्यात मागचा ॲक्सल पुष्कळदा इतरांपेक्षा लांब असतो, कारण त्याला ब्रेकची भिंतही धरायची असते. तो बाजूला ठेवा. आखूड ॲक्सल तिथे लावला तर दोनतीन आटेच धरतात आणि तो वाटेत निघतो. ब्रेक कायमचा काढायचा असेल तर उलट अडचण येते. लांब ॲक्सल बाहेर डोकावत राहतो, तिथे आखूडच हवा.

चाक काढायच्या आधी त्याच्या कडेवर मार्करने लिहा: डावा १, डावा २, असं पुढून मागे. पुढची पायरी या खुणांवरच चालते.

५. चाकांची अदलाबदल

स्केट डोळ्यांसमोर धरून पुढून एका ओळीत बघा. चाकांचा वरचा घुमट एका बाजूला उतरता दिसेल. पाय ढकलताना आपण आतल्या कडेवर जोर देतो, त्यामुळे आतली बाजू आधी झिजते. टी-स्टॉप करताना, म्हणजे एक पाय मागे आडवा घासून थांबताना, जो पाय तुम्ही घासता त्याची चाकं तर साबणासारखी विरघळतात.

चार चाकी स्केटला पहिलं आणि तिसरं, दुसरं आणि चौथं अशी आपसांत बदला आणि शिवाय पायही बदला. म्हणजे डाव्याचं पहिलं उजव्याच्या तिसऱ्या जागी, उजव्याचं तिसरं डाव्याच्या पहिल्या जागी. तीन चाकीला पहिलं दुसऱ्या जागी, दुसरं तिसऱ्या आणि तिसरं पहिल्या, हेही पाय बदलूनच.

यात बहुतेकांचा गोंधळ होतो तो चाक पलटायचं की नाही यावर. झिजलेली बाजू आता बाहेर आली पाहिजे, एवढाच नियम. डाव्या स्केटची आतली बाजू तुमच्या उजव्या हाताला असते आणि उजव्या स्केटची बाहेरची बाजूही उजव्याच हाताला. म्हणून चाक एका पायातून दुसऱ्या पायात नेताना ते न पलटता तसंच सरळ न्यायचं. एकाच स्केटमध्ये जागा बदलत असाल तरच पलटायचं. मी सुरुवातीला दोन्ही केलं, पायही बदलला आणि चाकही पलटलं. झिजलेली कड पुन्हा आतच आली आणि महिन्याभरात चाकं कोनासारखी झाली.

हे कधी करायचं याचा ठरावीक हिशेब नाही. खडबडीत रस्त्यावर चाकं झरझर झिजतात, गुळगुळीत फरशीवर सावकाश. कड उतरलेली डोळ्याला दिसली की बदला. आकार फार बिघडेपर्यंत थांबलात तर नंतर अदलाबदल करूनही सारखा होत नाही.

एक अपवाद आहे. फ्रीस्टाइल करणारे काही जण मधली चाकं मुद्दाम मोठी आणि टोकाची छोटी ठेवतात, म्हणजे स्केट होडीच्या तळासारखा डुलतो. याला रॉकर म्हणतात. तुमची मांडणी तशी असेल तर वरची पद्धत वापरू नका. मधली मधल्यांशी आणि टोकाची टोकाच्यांशीच बदला.

चाक टाकून कधी द्यायचं? रबरासारख्या दिसणाऱ्या थरातून, म्हणजे पॉलियुरेथेनमधून, तुकडे उडायला लागले, किंवा तो थर आतल्या कडक गाभ्यापासून सुटताना दिसला तर लगेच. आणि झिजलेल्या चाकांत एकच कोरं चाक लावू नका. ते उंच राहतं, सगळं वजन त्याच्यावर येतं आणि शेजारची चाकं जमिनीला नीट टेकतच नाहीत.

नवी घेताना चाकावर दोन आकडे दिसतील, उदाहरणार्थ ८० मिमी ८५ए. पहिला व्यास. दुसरा शोर ए मापातला कडकपणा, आकडा जितका मोठा तितकं चाक कडक. ७८ए च्या आसपासचं मऊ चाक खडबडीत रस्त्याचे हादरे गिळतं पण लवकर झिजतं. फ्रेममध्ये मावेल त्यापेक्षा मोठा व्यास घेऊ नका, चाकं एकमेकांना किंवा बुटाच्या तळाला घासतात. कमाल माप पुष्कळ फ्रेमवर लिहिलेलं असतं.

६. बेअरिंग

आधी सांगतो ते नाइलाजाने: बेअरिंग जितक्या कमी वेळा उघडाल तितकं बरं. बाहेरची धूळ कोरड्या फडक्याने पुसणं दर वेळी करा. धुणं मात्र किरकिर सुरू झाली किंवा पाण्यातून गेलात तरच.

*काढणं.* ढकलणाऱ्या साधनाचं टोक एका बाजूने घाला आणि स्पेसरसकट पलीकडचं बेअरिंग बाहेर ढकला. मग चाक उलटं करून दुसरं. साधन नसेल तर ॲक्सलचं टोक वापरता येतं. टोक किंचित तिरकं धरून स्पेसर जरा बाजूला सरकवा, म्हणजे पलीकडच्या बेअरिंगच्या आतल्या कड्याची कड सापडते. हातोडी नको.

*तपासणं.* करंगळीवर बेअरिंग चढवा, किंचित दाब द्या आणि सावकाश फिरवा. भरभर फिरवलं तर खराब बेअरिंगही चांगलं वाटतं. सावकाश फिरवताना दाण्यांसारखं लागलं तर धूळ आहे, धुऊन जाईल. पायऱ्या उतरल्यासारखे खटके लागले तर धावेवर खड्डे पडलेत, ते धुऊन जात नाहीत.

*झाकण उघडणं.* दोन्ही बाजूंच्या झाकणांचे तीन प्रकार दिसतात. रबराचं किंवा प्लास्टिकचं झाकण आतल्या कडेला टाचणी घालून हलकेच उचकटलं की निघतं. धातूच्या काही झाकणांभोवती बारीक तारेचं कडं असतं. त्याचं एक टोक टाचणीने आत ओढलं की कडं टुणकन उडतं, म्हणून वर बोट धरा. तिसऱ्या प्रकारात धातूचं झाकण दाबून कायमचं बसवलेलं असतं, ते उघडण्यासाठी नाहीच. एका बाजूचं झाकण काढलं तरी पुरतं. नंतर ती उघडी बाजू चाकाच्या आत, स्पेसरकडे ठेवायची.

*धुणं.* उघडी बेअरिंग बरणीत टाका, बुडतील इतकं अल्कोहोल ओता, झाकण लावून हलवा. काळं पाणी निघालं की ओतून पुन्हा. दोनतीन वेळांत स्वच्छ निघतं. खिडक्या उघड्या असू द्या आणि जवळपास गॅस, मेणबत्ती, उदबत्ती काही पेटलेलं नको. ॲसिटोन आणि तीव्र थिनर टाळा. आतली छर्रे धरणारी जाळी प्लास्टिकची असेल तर ती ठिसूळ होते, रबरी झाकणंही फुगतात. नुसत्या पाण्याने धुतलं तर तासाभरात गंजाची पिवळी झाक येऊ लागते.

*वाळवणं.* फडक्यावर आपटून द्रव झटका आणि पंख्याखाली पसरून ठेवा. हेअर ड्रायर लावू नका, अल्कोहोलची वाफ पेटते. हवेच्या जोरदार फवाऱ्याने बेअरिंग गरगर फिरवण्याचा मोहही आवरा. कोरडं बेअरिंग त्या वेगाने फिरलं तर खरवडून निघतं.

*वंगण.* पातळ तेलाचा एक थेंब, फार तर दोन. बोटाने फिरवून पसरवा, जास्तीचं पुसा. माझ्यासारखं तेल पाजू नका. जास्तीचं तेल बाहेर येऊन रस्त्याची धूळ धरतं आणि चार दिवसांत पुन्हा किरकिर सुरू. ग्रीस लावलं तर चाक थोडं जड वाटतं, पण ते टिकतं आणि धुळीला अडवतं. नवख्याने ग्रीसच घ्यावं असं माझं मत आहे, कारण तेल दर थोड्या दिवसांनी घालावं लागतं आणि आपण ते विसरतो. स्वयंपाकाचं तेल कालांतराने चिकट होतं. गंजलेले बोल्ट सोडवायचा स्प्रे वंगण म्हणून टिकत नाही, उलट आधीचं ग्रीस विरघळवून टाकतो.

नवी बेअरिंग घेताना खोक्यावर एबीईसी ५, ७, ९ असं दिसेल. हे विषम आकडे १ पासून ९ पर्यंत असतात आणि घडाई किती काटेकोर आहे एवढंच सांगतात. पोलाद कसं, वंगण कोणतं, झाकण किती धूळ अडवतं, यातलं काहीही त्या आकड्यात नसतं. रस्त्यावर फिरणाऱ्याला ५ आणि ९ मधला फरक पायाखाली कळेल असं मला वाटत नाही. चांगलं झाकण असलेलं स्वस्त बेअरिंग बरं.

७. परत जोडणं, आणि किती आवळायचं

चाकात एक बेअरिंग अंगठ्यांनी समान दाबून बसवा. चाक उलटं करा, स्पेसर टाका, मग दुसरं बेअरिंग. दोन्ही चाकाच्या काठाशी एकसारखी आत गेली पाहिजेत. एक बाजू जरा वर राहिली असेल तर ॲक्सल आवळून ती बसेल अशी आशा धरू नका. आता सगळी चाकं हातात घेऊन हलवा. ज्या चाकाच्या भोकातून फक्त पोकळी दिसते, नळी दिसत नाही, त्यात स्पेसर राहिलाय.

स्पेसर नसला की चाक का अडकतं ते एकदा समजून घ्या, मग पुन्हा चूक होणार नाही. बेअरिंगला आतलं आणि बाहेरचं अशी दोन कडी असतात, मध्ये छर्रे. ॲक्सल आवळला की फ्रेमच्या भिंती दोन्ही बेअरिंगची आतली कडी एकमेकांकडे ढकलतात. मध्ये स्पेसर असेल तर दाब त्या नळीवर जातो. भिंत, कडं, नळी, कडं, भिंत असा एक ताठ खांब तयार होतो आणि बाहेरची कडी चाकासकट त्या खांबाभोवती मोकळी फिरतात. नळीच नसेल तर आतली कडी आत सरकतात आणि छर्रे बाजूने चिरडले जातात.

म्हणून स्पेसर असलेलं चाक ॲक्सल घट्ट केल्यावरही फिरायलाच हवं. अडलं तर पुन्हा उघडा. ॲक्सल अर्धा वळसा सैल ठेवून चाक फिरतंय ना, मग झालं, हा उपाय फार लोकप्रिय आहे आणि रस्त्यात चाक गमावण्याचा तोच राजमार्ग आहे.

ॲक्सल आट्यांत लावताना आधी बोटांनी उलटा फिरवा. एका जागी टक् करून किंचित खाली बसल्याचं जाणवेल. तिथे आटे जुळलेले असतात. तिथून सुलटा फिरवायला लागा. पहिले काही वळसे बोटांनीच गेले पाहिजेत. सुरुवातीलाच किल्लीचा जोर लागत असेल तर आटे तिरके चढतायत, मागे या. ॲल्युमिनियमच्या फ्रेमचे आटे एकदा गेले की ॲक्सल बदलून भागत नाही.

किती आवळायचं? एल आकाराच्या कीची लांब दांडी ॲक्सलमध्ये घाला आणि आखूड दांडी बोटांनी फिरवा. बोटांना पुढे जाईना की बास. लांब दांडीने मनगटाचा पूर्ण जोर काढू नका. ॲक्सल वारंवार ढिला होत असेल तर आट्यांवर मध्यम ताकदीच्या निळ्या थ्रेडलॉकरचा, म्हणजे आटे धरून ठेवणाऱ्या डिंकाचा, बारीकसा थेंब लावा. लाल घेऊ नका, तो तापवल्याशिवाय सुटत नाही. आणि थेंब बेअरिंगमध्ये जाऊ देऊ नका.

जोडून झाल्यावर दहा मिनिटं सपाट जागी चालवा आणि सगळे ॲक्सल पुन्हा तपासा. एखादा तरी अर्धा वळसा घेतोच.

८. ब्रेकचं पॅड

टाचेकडचा ब्रेक झिजतो, तो त्यासाठीच आहे. पुष्कळ पॅडवर किती झिजल्यावर बदलायचं याची रेघ असते. नसेल तर आतल्या स्क्रूचं डोकं बघा. ते जमिनीच्या जवळ यायच्या आत बदला. धातू रस्त्याला लागला तर ब्रेक लागत नाही, घसरतो. पॅड संपत आल्याची आणखी एक खूण म्हणजे ब्रेक लावायला पायाचा पुढचा भाग पूर्वीपेक्षा फार उचलावा लागतो.

९. स्केट एका बाजूला ओढतो

एका पायावर सरळ घरंगळत जा. स्केट दर वेळी आत, म्हणजे दुसऱ्या पायाकडे वळत असेल तर क्रमाने तीन गोष्टी बघा. बूट घोट्याशी सैल आहे का? चाकं आतून झिजली आहेत का? फ्रेमचे बोल्ट ढिले आहेत का? या तिन्हींमध्ये काही सापडलं नाही तरच फ्रेमला हात लावा.

फ्रेम रिव्हेट मारून पक्की केलेली असेल तर सरकत नाही, विषय संपला. बोल्टची असेल तर भोकं लांबट असतात आणि ती डावीउजवीकडे थोडी सरकते. आधी पेन्सिलने तिची आत्ताची जागा बुटाच्या तळाला आखून ठेवा. घोटा आत झुकत असेल तर फ्रेम आतल्या बाजूला न्या, बाहेर झुकत असेल तर बाहेर. थोडक्यात, आधार जिथे कमी पडतोय तिथे. एका वेळी एकदोन मिलिमीटरच, मग चालवून बघा. दोन्ही पायांना सारखंच लागेल असं नाही.

फ्रेम सुटलेली असतानाच बोल्टच्या आणि ॲक्सलच्या भोकांभोवती केसासारखी चीर आहे का ते उजेडात बघा. चीर दिसली तर चिकटवणं, जोडणं काही नाही. फ्रेम बदला.

१०. बूट, लायनर, बकल

लायनर, म्हणजे बुटाच्या आतलं मऊ अस्तर, निघणारा असेल तर दर वेळी काढून सावलीत वाळवा. वास, बुरशी आणि दबलेला फोम, तिन्ही तक्रारींचं मूळ ओल आहे. धुवायचा तर गार पाण्यात, सौम्य साबणाने, हाताने. मशीन, ऊन, हीटर नको. कागदाचे बोळे कोंबून ठेवले की आकार राहतो आणि लवकर वाळतो.

बकल घसरत असेल तर नवं मागवण्याआधी पट्ट्याचे दात आणि बकलचा खटका टूथब्रशने घासा. वाळूचा एक कण खटक्याला बसू देत नाही. दातच झिजले असतील तर पट्टा बदलतो, अख्खा बूट टाकायची गरज नाही. मघाची ती घोट्याजवळची कुरकुर बोल्ट पाव वळसा आवळून जाते. तरीही राहिली तर सांध्यात सिलिकॉनच्या स्प्रेचा एक फवारा मारा. वेल्क्रोमध्ये अडकलेले दोरे जुन्या कंगव्याने निघतात.

११. पाण्यातून गेलात तर, आणि बरेच दिवस ठेवायचे असतील तर

ओले स्केट्स बॅगेत तसेच ठेवले तर सकाळी बेअरिंग गंजलेली मिळतात. त्याच दिवशी चाकं काढा, पुसा, बेअरिंग फडक्यावर आपटून पाणी झटका, वाळवून थेंबभर तेल घाला आणि फिरवा. पूर्ण धुणं दुसऱ्या दिवशी केलं तरी चालेल, हे मात्र लांबवू नका.

कित्येक वर्षं माळ्यावर पडलेली जोडी कुणी दिली तर पायात घालण्याआधी नखाने चाकाची कड आणि बुटाचं प्लास्टिक दाबून बघा. काही पॉलियुरेथेन हवेतल्या दमटपणाने वर्षानुवर्षं आतून कुजतं. वरून चकचकीत दिसणारं चाक पहिल्याच फेरीत ढेकळासारखं फुटतं आणि बुटाचाही तुकडा हातात येतो. असे बूट दुरुस्त होत नाहीत.

तुमचे स्केट्स ठेवताना ते कोरडे असू द्या आणि उन्हात तापणाऱ्या गाडीत ठेवू नका. बकलं सैलसर लावून ठेवा, म्हणजे बुटाची तोंडं फाकत नाहीत. बॅगेच्या खिशात ॲलन की, एक जादा ॲक्सल, दोन बेअरिंग आणि एक स्पेसर डबीत घालून ठेवा. त्या डबीचं झाकण मात्र घट्ट लागणारं घ्या.